मुकादमाचं आजारपण

६ जानेवारी

काचेच्या घाऊक व्यापाऱ्याने यंदाही डायरी दिली. दर वर्षी ती मापं लिहिण्यात संपते. पहिलं माप: उंची अडीच फूट, रुंदी दीड, खोली दीड. हे गिऱ्हाइकाचं नाही. मुकादमाचं आहे.

मुकादम म्हणजे मुलीचा सरडा. कुंपणावर धावतो तो नव्हे. हा शेपटी गुंडाळून फांदीवर बसतो आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवतो. पाऊल टाकायच्या आधी मागेपुढे झुलतो, सगळ्यांच्या कामावर नजर ठेवतो, स्वतः काही करत नाही. म्हणून मुकादम. नाव मुलीने ठेवलं. मुलगी माझ्या बायकोची, पहिल्या लग्नाची. गेल्या महिन्यात आमचं लग्न झालं आणि दोघी माझ्याकडे राहायला आल्या. सामानात तारेच्या जाळीचा एक पिंजरा होता, तिच्या वडिलांनी हाताने केलेला. कोपरे वाकडे, एक बाजू सुतळीने शिवलेली. मी काच कापतो, फ्रेमा करतो. माझ्या घरात तो पिंजरा मला बघवेना.

१२ जानेवारी

रविवारचं दुकान बंद ठेवून काच कापली. पॉलिशवाला कडा घासायला मुद्दाम आला. तो माझ्याकडे पहिल्यापासून आहे, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही.

"सरड्याला महाल?"

"मुलीला आवडेल."

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत, शेठ. आणि तुमची धाव सरड्यापर्यंत."

दुकानातली सर्वांत चांगली काच घेतली. फोटोंना लावतो ती. ऊन अडवते, रंग उडू देत नाही. गिऱ्हाइकाला मी सांगतो, या काचेआड आजोबांना ठेवा, नातवंडांच्या लग्नापर्यंत चेहरा उतरणार नाही. सरड्याला लावताना हे आठवून हसू आलं. रंग हीच तर त्याची दौलत.

१९ जानेवारी

घर उभं केलं. सांधे इतके जुळले की नख जात नाही. मागच्या काचेला हवेसाठी भोकं पाडली. झाकण काचेचं, त्यावर मुकादमाचा दिवा ठेवला, जुन्या पिंजऱ्यावर उन्हासारखा लावायचे तो. आत खरी झाडं.

मुलगी बराच वेळ बघत होती. "छान आहे," म्हणाली. मग म्हणाली, "जाळीतसुद्धा बरा असायचा तो."

मी म्हटलं, "आता जाळी कशाला?"

"बरं."

वडिलांची गोष्ट मुलीला चांगलीच वाटणार. मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी पिंजरा भंगारवाल्याला दिला. ही म्हणाली, "अहो, तिला विचारायचं तरी." मी म्हटलं, बाल्कनीत अडगळ होत होती.

२ फेब्रुवारी

रोज सकाळी दुकानात जायच्या आधी काच पुसतो. बोटाचा एक ठसा राहू देत नाही.

मुलगी शाळेच्या आधी मुकादमाला खांद्यावर घेऊन गच्चीवर जाते, हे मला आज कळलं. गच्चीवर शेजारणीचं मांजर असतं. मी सांगितलं, आता न्यायचं नाही, एवढा दिवा आहे ना वर. "बरं," म्हणाली. तिचं सगळं "बरं"वर संपतं. मला ती काहीच म्हणत नाही. काका नाही, अहो नाही. काही हवं असलं की माझ्यासमोर येऊन उभी राहते, मी वर बघेपर्यंत.

९ फेब्रुवारी

तिच्या वडिलांचा फोन दर रविवारी येतो. ते परदेशात असतात. मी आतल्या खोलीत होतो. कान देत नव्हतो, पण भिंती पातळ आहेत. ती हळू आवाजात म्हणाली, "नाही, त्यांना काही सांगू नका. प्लीज."

"त्यांना" म्हणजे मला. दुसरं कोण? हिला विचारलं. ही म्हणाली, "पोरीचं आणि तिच्या बापाचं काही असेल. तुम्ही कशाला जीव टांगता?"

टांगलाच आहे.

२१ फेब्रुवारी

मुकादम वरच्या फांदीवर जात नाही. आधी सकाळी सकाळी वर चढून बसायचा. आता बुंध्यापाशीच असतो. मुलीने नाकतोडा सोडला. त्याने डोळे लावले, तोंड उघडलं, आणि जीभ अर्ध्यावर येऊन लुळी पडली. नाकतोडा उडालासुद्धा नाही. त्यालाही घाई वाटली नसावी.

मुलगी म्हणाली, "तो दमलाय."

मी म्हटलं, "नवीन घर आहे. रुळेल."

१ मार्च

रुळला नाही. पुढचे पाय कमानीसारखे वाकलेत. फांदी धरताना थरथरतो. किडे बदलून पाहिले, दिव्याचा बल्ब बदलला, झाडाला कीड असेल म्हणून झाडंही बदलली. काच दोनदा पुसली.

पॉलिशवाला म्हणाला, "म्हातारा झाला असेल."

वर्षाचासुद्धा नाही.

९ मार्च

सकाळी खाली पडलेला होता. पुढचा डावा पाय अंगाखाली मुडपलेला. मुलीने त्याला उचललं नाही. ती आपल्या आईकडे न जाता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ही आंघोळीला गेली होती, म्हणून असेल.

बुटांच्या खोक्यात पायमोजा अंथरून त्याला ठेवलं. उद्या डॉक्टर.

एक गोष्ट इथेच लिहितो, तोंडाने बोलवणार नाही. तिच्या आधीच्या घरातलं तिचं असं एवढंच आहे. तो इथे मेला, तर तो माझ्या घरात मेला असं होईल. त्यावरसुद्धा ती "बरं" म्हणेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही.

१० मार्च

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई. बाहेर रांगेत सगळे कुत्रेवाले. एका बाईने विचारलं, "खोक्यात काय, ससा?" मुलगी म्हणाली, "मुकादम." बाई पलीकडे सरकून बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा जबडा बोटाच्या टोकाने दाबला. तो दबला, खोडरबरासारखा. एक्सरे काढला. त्यांनी तो उजेडाला धरला तेव्हा मला काही दिसेना. नंतर लक्षात आलं की दिसत नाही हाच आजार आहे. हाडं होती, पण पेन्सिलने काढून खोडल्यासारखी.

"दिवा कुठे असतो?"

"झाकणावर."

"झाकण कसलं?"

"काचेचं. सगळंच काचेचं आहे. मी स्वतः केलंय." हे मी जरा ऐटीत सांगितलं. लिहितानाही कान तापतात.

"उन्हात नेता का?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "आधी न्यायचे. मग थंडी पडली."

थंडी नव्हती. मीच बंद केलं होतं. तिला नीट आठवत नसेल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याची हाडं उन्हावर तयार होतात. उन्हातला एक भाग असतो, डोळ्यांना दिसत नाही. तो कातडीला लागला, तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडाला लागतं. तुमच्या दिव्यातून तो निघतो, पण काचेतून आत जात नाही. अगदी साध्या काचेतूनसुद्धा."

मी म्हटलं, "ही साधी नाही."

"म्हणजे?"

"ऊन अडवणारी आहे."

त्या औषध लिहायला लागल्या. पायाला पट्टी बांधली, काडेपेटीतली काडी लावून. वाचेल का विचारलं, तर म्हणाल्या, "उशीर झालाय. फार उशीर झालाय का, ते तोच सांगेल."

बस चुकली म्हणून चालत निघालो. खोकं तिच्या हातात. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

ती म्हणाली, "मला वाटलं होतं थोडं. जाळीत असताना तो वर चढायचा."

"मग बोलली का नाहीस?"

बरंच चालल्यावर म्हणाली, "तुम्ही रोज काच पुसायचात."

रस्ता ओलांडताना तिचे हात गुंतले होते, म्हणून तिच्या दप्तराचा पट्टा धरला.

११ मार्च

झाकण काढून टाकलं. दिवा तारेने थेट आत टांगला. तेवढ्याने भागणार नाही, हवा खेळायला हवी, शिवाय उन्हात न्यायला हलका पिंजरा हवा. भंगारवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, "महिना उलटला, साहेब. आता त्याचे खिळे झाले असतील."

जाळीचं काम मला येत नाही. कोपऱ्यावर जाळी वाकवली की उसवते. हिच्याकडून नंबर घेतला आणि फोन लावला.

"नमस्कार. मी… काचेचं दुकान आहे ना, तो."

"हां हां, बोला ना. सगळं ठीक?"

सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. ते म्हणाले, "मी तिला तेव्हाच म्हणालो होतो की जाळी लागते, मी त्यांच्याशी बोलतो. तर मला म्हणाली, नका सांगू, त्यांनी सगळा रविवार घातलाय त्यात."

मी म्हटलं, "असं म्हणाली?"

"तशीच आहे ती. आमच्या भांडणातसुद्धा दोघांना चहा करून द्यायची."

मग जाळीबद्दल बोललो. त्यांनी कोपरा कसा वळवायचा ते समजावलं: आधी तार दुहेरी करायची, मग लाटण्यावर वाकवायची. मी विचारलं, सुतळीने का शिवला होता? ते हसले. "तार संपली होती. दुकान लांब होतं आणि ती झोपेना, पिंजरा झाल्याशिवाय."

माणूस वाईट नाही. हे मला आधी कळलं असतं तरी चाललं असतं.

१३ मार्च

जाळीचा पिंजरा झाला. कोपरे वाकडे. काचेने इतक्या वर्षांत कापलं नाही इतकं तारेने एका दिवसात कापलं. हिने लाटणं बघितलं आणि म्हणाली, "पोळ्या काय आता काचेच्या कटरने लाटू?"

१६ मार्च

औषध सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने. जबडा उघडायला लागतो आणि जोर लावला तर मोडेल. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं. ही म्हणाली, मला नाही जमायचं. मुलगी म्हणाली, "तुम्ही करा." मी प्लास्टिकच्या कार्डाची कडा पॉलिश करून गुळगुळीत केली आणि ओठांच्या फटीत नुसती टेकवली. काचेवर रेघ ओढल्यावर ती तुटायला किती दाब पुरतो, ते बोटांना माहीत असतं. त्याच्याही खूप अलीकडे थांबलो. त्याने आपणहून तोंड उघडलं. रागाने, पण उघडलं.

मुलगी त्याला दोन्ही तळहातांत धरते. आमची डोकी जवळ येतात. तिच्या डोक्याला शाळेच्या खडूचा वास येतो.

२२ मार्च

आता गच्चीवर रोज जातो. मांजर येतं, मी त्याच्याकडे बघत बसतो, ते माझ्याकडे. दुकान उशिरा उघडतं. पॉलिशवाला म्हणतो, "शेठ, गिऱ्हाईक विचारत होतं, मालक कुठे गेले. म्हटलं, ऊन खायला."

मुकादम उन्हाकडे एक कूस करतो आणि तेवढीच काळी करतो. दुसरी फिकट राहते. पण चढत नाही.

२९ मार्च

दिवसा डोळे मिटून बसला. औषध दिलं, ते ओठांतून परत आलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, दिवसा डोळे मिटणं चांगलं लक्षण नाही. पाणी द्या, पानांवर थेंब पाडून, ऊब द्या, सोडू नका.

ही मुलीला जवळ घेऊन म्हणाली, "बाळा, मनाची तयारी ठेव."

मुलगी एकदम ओरडली, "तुम्ही लोक नेहमी तयारीच करता! घर सोडायची तयारी, नवीन शाळेची तयारी! कुणी काही दुरुस्त का नाही करत?"

ही रडायला लागली. मी उठून पानांवर पाणी शिंपडलं. दुसरं काय करणार? "तुम्ही लोक"मध्ये मी होतो की नव्हतो ते कळलं नाही. नसावा. मी तर आत्ता आलोय.

थोड्या वेळाने ती आली आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली. म्हणाली, "असं नाही. थेंब पानाच्या टोकावर हवा, म्हणजे तो हलतो. हलला की त्याला दिसतो."

३० मार्च

डोळे मिटलेले.

३१ मार्च

डोळे मिटलेले. दुपारी एक उघडला. मुलगी म्हणते, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो. मला नक्की दिसलं नाही.

१ एप्रिल

पानाच्या टोकावरचा थेंब चाटला. मी पाहिलं. दोनदा चाटला. ही स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठाचे. तिघं ओळीने उभे होतो आणि तो आमच्याकडे बघत होता, एक डोळा हिच्यावर, एक माझ्यावर. मुलगी म्हणाली, "हजेरी घेतोय."

१८ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, हेच चांगलं झालं. औषध, ऊन, ड्रॉपर. मुकादमाला आता ड्रॉपर दिसला की तो तोंड उघडतो. किडे चिमट्याने तोंडात ठेवावे लागतात. चावतो. जबडा घट्ट होतोय, माझ्या बोटाला कळतं. परवा बोटालाच चावला. मी ओरडलो, मुलगी खूश झाली. "दुखलं? खरंच दुखलं?"

"दुखलं."

"जोरात?"

"जोरात."

तिने हे तिच्या वडिलांना फोनवर सांगितलं, माझ्यासमोर, मोठ्या आवाजात. मग फोन माझ्याकडे दिला. ते म्हणाले, "अभिनंदन." मी म्हटलं, "तुमचंही."

काचेच्या घराच्या काचा सुट्या करून दुकानात नेल्या. एका म्हातारीच्या लग्नाच्या फोटोला त्यातली एक लागली. तिथे ती बरोबर आहे.

५ मे

पुन्हा एक्सरे. या वेळी मलाही दिसलं. पाय वाकडाच राहणार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण हाड भरतंय. मुलीने विचारलं, "जीभ?"

"जिभेच्या मागेही एक छोटं हाड असतं. त्याच्यावरून ती सुटते. ते भरलं तर सुटेल. नाही भरलं तर हाताने भरवायचं. त्यातही जगतात."

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "हाताने भरवू. काय बिघडतं?"

मी म्हटलं, "काही बिघडत नाही." पण मनात होतं की सुटावी. तिच्याही मनात होतं. आम्ही दोघंही शहाण्यासारखे चाललो होतो.

१९ मे

वाकडा पाय बाहेर टाकून मुकादम सगळ्यात वरच्या फांदीवर गेला. अर्धी सकाळ लागली. मध्ये थांबला, झुलला, विचार बदलल्यासारखं केलं, पुन्हा निघाला. आम्ही गच्चीवर बसून होतो. मला दुकान होतं, तिला सुट्टी. पाऊल टाकायला मदत करू का, मी विचारलं. तिने माझा हात धरून खाली केला.

३० मे

केशकर्तनालयाचा मोठा आरसा लावायचा होता. दोघं शिडीवर, आरसा अर्धा भिंतीवर, तेव्हा पॉलिशवाल्याचा फोन वाजला. दुकानातले फोन त्याच्याकडे येतात. त्याने फोन खांद्याने कानाशी धरून ऐकलं.

"शेठ, घरून. म्हणतेय, त्यांना लवकर घरी पाठवा."

"कोण?"

"विचारलं. म्हणाली, 'घरून बोलतेय, त्यांना कळेल.'"

"काय झालंय?"

"जीभ आली म्हणे. कुणाची, ते मी विचारलं नाही."

आरसा सोडता येईना. तो लावून, गिऱ्हाइकाला त्यात तीन वेळा भांग पाडू देऊन, घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. ही दारातच म्हणाली, "अहो, दुपारपासून बरणी मांडीवर घेऊन बसलीये. सगळे किडे त्याने पटापटा टिपले, एक ठेवलाय. मी म्हटलं, घालून टाक गं त्याला. माझ्यावरच खेकसली."

मुलगी म्हणाली, "बसा. हलू नका. श्वास हळू."

मी हातसुद्धा धुतले नव्हते. बसलो. तिने बरणीतला नाकतोडा लांबच्या फांदीवर सोडला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मुकादमाचा एक डोळा नाकतोड्यावर गेला. दुसरा माझ्यावर होता. मग तोही हळूच फिरला. तो झुलला. तोंड किंचित उघडलं.

नाकतोडा फांदीवर होता. मग नुसती फांदी होती.

"दिसलं?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही. पापणी लवली नेमकी."

मुकादम चावत होता. कुरकुर ऐकू येत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आता म्हणेल, बरं.

"काय हो तुम्ही!" ती म्हणाली, बरणी उचलली आणि दाराकडे निघाली. "चला. खाली गवतात अजून मिळतील. चप्पल घाला."

मी चप्पल घातली.